आला का गं मेल?

४ फेब्रुवारी, बुधवार

भरला एकदाचा फॉर्म! शांतलिंगदादाच्या दुकानात दीड तास बसले. पुण्याची औषधांची कंपनी, लॅबमध्ये तपासणीचं काम, बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला असलेले चालतात. माझ्या मोबाइलवरून दोनदा भरायला घेतला, दोन्हीदा फोटोवर येऊन अडकला. शेवटी दादाकडं गेले. बेंबळीत कसलाही फॉर्म असो — तलाठी, पोस्ट, पीकविमा — दादाच भरतात. एका बोटानं टाइप करतात, पण चूक नाही. ओटीपी पण त्यांच्याच फोनवर आला, त्यांनीच टाकला. मी नुसती "पुढं?" "पुढं?" करत बसले. पावती घडी घालून या वहीत ठेवली.

जेवताना अप्पा म्हणाले, "पाडव्यापर्यंत दम धरू. न्हाय काय झालं तर अक्कलकोटच्या पाव्हण्यांना या म्हणू." झालं. कुणाच्या जन्माचा निकाल वरणाची वाटी पुढं सरकवत लावायचा तो असा. पाडवा एकोणीस मार्चला. म्हणजे त्रेचाळीस दिवस.

आई तेवढी माझ्या बाजूनं. "व्हईल की! लेकरू लई हुशार हाय माझं." मग भाकरी थापता थापता, हसतच — "तुझा भाऊ हैदराबादला, तू पुण्याला. मग मी आन् ह्या चार भिंती."

९ फेब्रुवारी, सोमवार

आईनं माझ्या नोकरीसाठी सोमवार धरले. गुडघे दुखतात, तरी महादेवाच्या देवळात चालत गेली. देव पाण्यात घालून बसलीये नुसती. मला आपलं मनातून बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

मेल नाही. साबुदाणा मात्र पोटभर.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कॉलेजात सरांनी मुलाखतीची तयारी घेतली. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मायसेल्फ महेश्वरी." सर म्हणाले, मायसेल्फ म्हणायचं नाही, कुणीच म्हणत नाही. मग वर्गातल्या पस्तीस जणांनी आजवर म्हटलं ते काय होतं?

घरी येऊन शिलाई मशीनपुढं उभं राहून म्हणून बघितलं. "आय ॲम महेश्वरी." बरं वाटतं की! पुढचं वाक्यच आठवेना. बोलावणंच आलं नाही अजून, आणि माझे तळहात आत्तापासून ओले.

तलाठीची जाहिरात कधी निघेल देव जाणे. वर्गातल्या सोनालीचे काका म्हणतात, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटवतो, पण ते हंगामापुरतं. हंगाम संपला की घरी. घरी म्हणजे अक्कलकोट.

१ मार्च, रविवार

नाही. स्पॅम पण बघितलं. तिथं लॉटरी लागलीये म्हणे मला.

आईला मागच्या महिन्यात मेल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं होतं. आता रोज विचारते. कॉलेजातून आले की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी — "आला का गं मेल?" नाही म्हटलं की डोक्यावरून हात फिरवते. "ऱ्हाऊ दे. व्हईल." माझ्यापेक्षा तिलाच जास्त घोर लागलाय.

५ मार्च, गुरुवार

सोनालीला आला!! त्याच कंपनीचा. सतरा मार्च, दुपारी तीन, हडपसरच्या ऑफिसात. ढोकीहून एसटीनं आली ती थेट माझ्या गळ्यातच पडली. मी पण ओरडले, पेढा खाल्ला, सगळं केलं.

खरं लिहायचं तर जळले मी. सोनालीला बावन्न टक्के. मला एकाहत्तर. टायट्रेशन करताना तिचं द्रावण दर वेळी फिकटाऐवजी गडद गुलाबी होतं, मग माझं रीडिंग बघून लिहिते. हे सगळं तिच्याबद्दल लिहितेय आणि लाज पण वाटतेय. तिनंच मला त्या कंपनीची जाहिरात पाठवली होती. नसती पाठवली तर?

वाईट आहे मी.

आईला सांगितलं, सोनालीला बोलावणं आलं. आई पीठ मळत होती. हात थांबले तिचे. "आन् तुला?" म्हणाली. मी रडले. ती पण रडली! पिठाच्या हातानंच जवळ घेतलं.

१० मार्च, मंगळवार

अक्कलकोटचे पाहुणे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येणार. ठरलं. मुलाचं खताचं दुकान आहे. वाईट काही नाही त्यात, पण मला खताच्या दुकानामागच्या खोलीत पोळ्या लाटताना सोडियम हायड्रॉक्साइडची आठवण येईल त्याचं काय?

आईनं तिची जांभळी इरकल उन्हात टाकली. माझ्यासाठी. "नेसून तर बघ," म्हणाली. नेसले नाही. अक्कलकोट म्हणजे काय लांब न्हाय, म्हणाली, सणासुदीला येशील.

अभ्यास शून्य.

१४ मार्च, शनिवार

मी गाढव आहे. गाढवाला निदान पाठीवर काय लादलंय ते कळतं.

आज सोनाली म्हणाली, "तुझ्या पावतीवर बघ की, मेल आयडी बरोबर पडलाय का." कॉलेजातून आले, वही उघडली, पावती काढली. मेल आयडी — शांतलिंगदादाचा! मोबाइल नंबर — शांतलिंगदादाचा! ओटीपी लवकर यावा म्हणून ते सगळ्यांच्याच फॉर्मवर स्वतःचाच टाकतात. अख्ख्या बेंबळीच्या नोकऱ्या त्या एका माणसाच्या मेलमध्ये जाऊन पडतात आणि आम्ही आपापल्या मोबाइलवर बोटं झिजवतोय. आणि मी त्यांच्या शेजारी दीड तास बसले होते! स्क्रीनकडं बघत!

पळत गेले. दुकानाला कुलूप. शेजारचा गिरणीवाला म्हणाला, मेव्हण्याचं लग्न हाय सोलापूरला, सोमवारी येतेत. फोन लावला सतरा वेळा. एकदा उचलला तर नुसता बँडचा आवाज, मग कट.

आईला काहीच सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर.

१५ मार्च, रविवार

आला असेल आणि तारीख होऊन गेली असेल तर? आलाच नसेल तर? आलाच नसेल तर बरं, असंही दोन मिनिटं वाटलं. जेवण गेलं नाही.

१६ मार्च, सोमवार, दुपार

सकाळी नऊला दादांनी शटर वर केलं तेव्हा मी पायरीवरच होते.

"अगं, तुझं कवाच आलंय की! सत्तावीस फेब्रुवारीला." मेल उघडून दाखवला. माझं नाव. सतरा मार्च, दुपारी तीन, हडपसर. सोनालीच्याच दिवशी. उद्या!

मग म्हटलं, दादा, सांगायचं तरी! ते म्हणाले, "काकू दळण घेऊन आल्त्या गिरणीवर, त्यांच्याजवळ प्रिंट दिली की. दोनदा वाचून घेतली माझ्याकडून. म्हणल्या, म्याच सांगते तिला, पेढे आणून."

मी म्हटलं, हो हो, सांगितलं होतं, माझ्याच डोक्यातून गेलं. असं का म्हटलं ते मलाच माहीत नाही. दादांनी दुसरी प्रिंट दिली. ती घेऊन आले.

विसरली असेल. गुडघ्यांच्या गोळ्यांनी विसरायला होतं. पेढे आणायचे राहून गेले असतील. आई देवळात गेलीये, आज सोमवार.

१६ मार्च, संध्याकाळ

ती पहिली प्रिंट देव्हाऱ्यात होती. पिंडीखालच्या लाल कापडाखाली, चार घड्या घालून. माझ्या नावावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, वर वाळलेलं बेलाचं पान. जिथल्या तिथं परत ठेवली.

आई देवळातून आली. चपला काढायच्या आधी विचारलं, "आला का गं मेल?"

"न्हाय," म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. व्हईल," म्हणाली, आणि देवळातली विभूती माझ्या कपाळाला लावली. मी लावून घेतली.

सकाळची एसटी पावणेसहाला. सोनाली धाराशिवच्या स्टँडवर थांबणार आहे.