मशीन येईपर्यंत

१२ जानेवारी, सोमवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आज बाजार समितीच्या यार्डात प्रल्हादभाऊ पडले. मोठ्या काट्यावरचे मापारी. साडेअकराला तुरीचं माप चालू होतं. पोत्यावर हात ठेवून उभे होते, तसेच खाली गेले. मी ऑफिसातून गेटपासची फाइल घेऊन शेडमध्ये आले होते. धावत गेले, छाती दाबायला लागले. दिवाळीनंतर अमरावतीच्या डॉक्टर मॅडमनी आमच्या हॉलमध्ये रबरी पुतळ्यावर शिकवलं होतं, तसंच. पण रबर वेगळं, माणूस वेगळा. दाबताना आतून कट्ट आवाज आला. दोनदा. बरगडी. मॅडम म्हणाल्या होत्या, मोडली तरी थांबू नका. नाही थांबले.

झटका देणारं मशीन आणायला वॉचमन पळाला. मशीन मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये. भिंतीवर लावलं तर चोरी जाईल म्हणून. केबिनला कुलूप, साहेब जेवायला घरी. शेवटी हमालांनी दार खांद्यानं तोडलं. तोवर मी आणि रफीक हमाल, आळीपाळीनं दाबत होतो. सात-आठ मिनिटं गेली असतील. मशीन हिंदीत बोलतं. कोणी हात लावू नका म्हणालं, एक झटका दिला, पुन्हा दाबायला लावलं. थोड्या वेळानं रफीक म्हणाला, "नाडी लागली, ताई." मला माझीच लागत होती.

रुग्णवाहिका आली, घेऊन गेली. आयसीयूत आहेत. जिवंत आहेत.

सगळे म्हणतात, सरोजताईनं वाचवलं.

१४ जाने. बुध.

संक्रांत. दंड इतके दुखतात की तिळाचे लाडू वळता आले नाहीत. शेवटी नवऱ्यानं, विलासनं वळले, लिंबाएवढे. शेजारपाजारचे येऊन हात हातात घेतात. गोड बोला म्हणतात.

प्र.भाऊ शुद्धीवर नाहीत.

१९ जाने. सोम.

दवाखान्यात गेले. बाहेर बाकावर त्यांची बायको, शोभा. पातूरहून आलेली, आठ दिवस तिथंच. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान असेल. मला पाहून उठली. "तुमीच का त्या सरोजताई?" आणि सरळ पायावर डोकं. मी मागे सरकले, ती फरशीवर तशीच वाकलेली.

डॉक्टर आत घेऊन गेले. म्हणाले, हृदय आता बरं चाललंय, प्रश्न मेंदूचा आहे. मध्ये काही वेळ रक्त पोचलं नाही. मग मला विचारलं, "पडल्यावर किती वेळानं दाबायला सुरुवात केली?"

मी म्हणाले, लगेच.

त्यांनी लिहून घेतलं.

२७ जाने. मंगळ.

काल सुट्टी होती. दिवसभर घरात, काही सुचेना. आज १२ तारखेचं पान काढून वाचलं. "धावत गेले" असं लिहिलंय.

धावत नाही गेले.

ते पडले तेव्हा मी दहा पावलांवर होते. लोक जमले. कोणीतरी ओरडलं, "मिरगी हाये, मिरगी! कोणी हात नोका लावू! चप्पल सुंगवा!" एकानं खरंच नाकाला चप्पल लावली. प्र.भाऊंच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. थांबून थांबून. लोक म्हणाले, श्वास चालू आहे, काही होत नाही. आणि मी फाइल छातीशी धरून उभी. मला माहीत होतं. मॅडमनी नेमकं हेच सांगितलं होतं की असं अधूनमधून घोरणं म्हणजे श्वास नाही, वाट पाहू नका. पहिल्या रांगेत बसून मी ते वहीत उतरवलं होतं. तरी उभी राहिले. इतके पुरुष, त्यात मी बाई माणूस, पुढं जाऊन त्यांच्या छातीवर हात ठेवायचा. आणि मिरगी निघाली तर? हसतील. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण शोधते आहे पंधरा दिवसांपासून, सापडत नाही.

आवाज थांबला आणि ओठ निळे पडले, तेव्हा फाइल टाकली.

शेडमध्ये कॅमेरा नाही. पण समोर घड्याळ आहे. पडले तेव्हा साडेअकरा. मी गुडघ्यावर बसताना वर पाहिलं होतं, का पाहिलं कोण जाणे. अकरा चौतीस.

चार मिनिटं.

८ फेब्रु. रवि.

विलासला सांगितलं. चहा पीत होता. कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाकीच्यायनं काय केलं? चप्पल सुंगवली. तू निदान दाबलं तरी." म्हटलं, बाकीच्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. "मंग आता सांगून काय होते? तो माणूस उठून बसते का? गप राह्य." रागावून नाही म्हणाला. माझ्यासाठीच म्हणाला.

प्र.भाऊंनी डोळे उघडले म्हणे. कुणाकडे पाहत नाहीत.

८ मार्च, रवि.

महिला दिन. यार्डात सत्कार. शाल, श्रीफळ, माझ्या नावाची फ्रेम. मॅनेजर साहेबांचं भाषण: यार्डानं दूरदृष्टीनं मशीन घेतलं. केबिनच्या दाराबद्दल अर्थातच काही नाही. दार नवीन बसवलंय, कुलूप जुनंच. मशीन आतच. मी स्टेजवरून उतरताना विचारलं, साहेब, आता तरी ते बाहेर लावू या. "पाहू ना मॅडम, पाहू."

रफीकला बोलावलंच नव्हतं. तो शेडमध्ये पोती लावत होता. त्याला फ्रेम दाखवली, म्हटलं यावर तुझं नाव पाहिजे होतं. हसला. "राहू द्या ना ताई. प्रल्हादभाऊ कसे हायेत ते सांगा."

काय सांगू

२२ मार्च, रवि.

पातूरला गेले. प्र.भाऊंना आठवड्यापूर्वी घरी सोडलंय.

पुढच्या खोलीत खाट. नाकात नळी. हात आखडून छातीशी आलेले, बोटं वळलेली. डोळे उघडे, पंख्याकडे. माणूस अर्धा झालाय. पोतं न मोजता वजन सांगायचे. बरोबर निघायचं.

शोभा दर दोन तासांनी कूस बदलते. नळीतून पातळ वरण. पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर. सगळं करता करता बोलत होती. पाळण्यातल्या लेकराशी बोलावं तसं त्यांच्याशीही. "पाहा, कोण आलं. सरोजताई आल्या. ज्यायनं तुमाले वाचवलं."

मग मला चहा दिला आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग नोका मानू. एक इचारू? त्या दिवशी तुमी नसत्या त हे गेले असते ना? तवाच्या तवा?"

हो म्हटलं.

तिनं मान हलवली. कप घेऊन आत गेली.

बसमध्ये रडले नाही. रडायचा अधिकारच वाटत नाही.

२९ मार्च

झोप नाही, जेवण नाही, कामात चुका. आज आवक नोंदवताना तुरीच्या रकान्यात हरभरा. विलास नुसता बघत राहतो.

सांगितल्याशिवाय मला सुटका नाही. पुन्हा पुन्हा हेच येतं मनात.

५ एप्रिल, रवि.

सांगितलं.

शोभा दारात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मिरगी, चप्पल, फाइल, घड्याळ. डॉक्टरांशी खोटं बोलले तेही. ती निवडत राहिली. मध्ये एकदा फक्त विचारलं, "चार मिनिटं?" मी हो म्हटलं. "आन् तुमी लगेच गेल्या असत्या त हे बोलत राह्यले असते?"

म्हटलं, कदाचित. नक्की कोणी सांगू शकत नाही. पण शक्यता जास्त होती.

सूप बाजूला ठेवलं. वाटलं शिव्या देईल, हाकलेल. दिल्या असत्या तर बरं होतं.

म्हणाली, "इतके दिवस मी देवाले दोष देत होती. देवावर रागावता येते, तो काही घरी येत नाही. आता तुमी सांगतलं. तुमचं हलकं झालं असंन. मी हे कुठं घिऊन जाऊ?"

ती उठून आत गेली, कूस बदलायची वेळ झाली होती. मी दारातच उभी. आतून हाक आली. "उभ्या काहून हाये? धरा इकडून." मी खांद्याकडून धरलं. दोघींनी मिळून वळवलं त्यांना. मग म्हणाली, "आता जा."

हलकं नाही झालं. शोभा, तुला सांगायचं राहिलं, हलकं नाही झालं.

१२ एप्रिल, रवि. अमरावती

डॉक्टर मॅडमनी बोलावलं होतं. रिक्षावाले, दुकानदार, बचत गटाच्या बाया यांचं प्रशिक्षण. "अनुभव सांगा, लोकांना हुरूप येईल." यायचं नव्हतं. आले.

अनुभव नाही सांगितला. शोभाचं घर मी तिला न विचारता चारचौघांत कसं मांडू? म्हटलं, मी फक्त आवाज काढून दाखवते. आणि प्र.भाऊंचा तो आवाज घशातून काढला. हॉल हसला. एक रिक्षावाला म्हणाला, "आमच्या घरी रोज ऐकतो, मॅडम." पुन्हा हसले. मी पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. मग हसणं थांबलं. म्हटलं, हा आवाज आला, माणूस हाक मारून उठत नसला, की कोणाचं ऐकू नका. मिरगी म्हणतील, बाई म्हणतील. खाली बसा आणि दाबा.

मॅडमनी नंतर पाण्याचा ग्लास दिला. त्यांना समजलं बहुतेक.

परत येताना मूर्तिजापूरपर्यंत घसा दुखत होता.

१९ एप्रिल

पातूरला गेले नाही. धीर नाही झाला. फोन केला, उचलला नाही.

२१ एप्रिल, मंगळ.

ऑफिसात असताना शोभाचा फोन. सोळा दिवसांनी. हातातला गेटपास तसाच टाकून बाहेर आले.

प्र.भाऊंना ताप आहे, छातीत कफ भरलाय. तालुक्याचे डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, अशा पेशंटचं कधीही काहीही होऊ शकतं, तयारी ठेवा.

पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आणि प्र.भाऊंचा, खरखर.

म्हणाली, "ताई, तुमाले शिकवलं हाये म्हणून इचारते. दुसऱ्या कोणाले इचारू? यायचं काळीज पुन्हा बंद पडलं, मी एकटीच असंन घरी. दाबू का नोको दाबू?"

फोन कोणीच ठेवला नाही. शेडमध्ये हर्रास चालू होता, लिलावाचे भाव ओरडत होते.

शेवटी तीच म्हणाली, "इचार करून सांगा. पण सांगा."

साहेबांना उद्याच्या रजेचा अर्ज दिलाय. पातूरची बस सव्वानऊला आहे. काय सांगणार, माहीत नाही. मॅडमना फोन लावला होता, ठेवून दिला. हे त्यांनी शिकवलेलं नाही.