दादाला मानवलेली गोळी

माय, तुला जाऊन लई वर्षं झाली. पत्र पाठवायचं कुठं हे मलाही कळत नाही, पण भांडायला दुसरं माणूस उरलं नाही म्हणून तुलाच लिहून राहिले. मी सध्या लातूरला आहे, ट्यूशनच्या भागात एक खोली घेऊन. इथं अशा आया गल्लोगल्ली सापडतात, नवऱ्याला गावाकडं ठेवून लेकरांना दोन वेळचं गरम खाऊ घालायला आलेल्या. सकाळी सगळ्यांचे कुकर एकदमच ओरडतात. तुझी नात डॉक्टर होणार म्हणून मीही ह्यांना नांदेडला डब्याच्या जेवणावर सोडून आले. आता त्याच नातीला घेऊन डॉक्टरच्या दारात बसते.

दिवाळीनंतर तिनं खिडकीच्या काचांना पेपर चिकटवले. क्लासमधल्या पोरींना माझ्या मनातलं ऐकू जातं, म्हणाली. सर फळ्यावर मुद्दाम माझ्याबद्दलच लिहितात, म्हणाली. मग आंघोळ सुटली, झोप गेली. ताट पुढं ठेवलं की वरणाचा वास घ्यायची आणि माझ्याकडं बघून विचारायची, ‘यात काय घातलंस?’ माय, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्या कुणाला नसेल कळलं, पण मी तर दादासोबत वाढलेली. तरी ह्यांना, खोलीच्या मालकिणीला, सगळ्यांना मी सांगत सुटले, अभ्यासाचं टेन्शन आहे. परीक्षा होऊ दे, मग बघू. असे चार महिने घालवले मी. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे तूच म्हणायचीस ना? मग झाकायला तूच कशाला शिकवलंस?

ते पत्र्याचं शेड मला अजून दिसतं. भूकंपाला महिना झालाय. बाहेरगावचा एक डॉक्टर शेडाशेडातून फिरतोय, तू चुलीपाशी भाकरी थापून राहिलीस आणि दादा कोपऱ्यात कानात चिंध्या कोंबून बसलाय. कधीपासून असं करतो, असं डॉक्टर विचारतो. मी चौदा वर्षांची, शहाणी. पटकन सांगते, ‘उन्हाळ्यापासून. भूकंपाच्या लई आधीपासून. भिंतीतून बाया बोलतात म्हणतो.’ तू मला मागं ओढतेस. ‘लेकराला काय कळतंय साहेब. त्या रात्री माळवदाचं लाकूड पडलं त्याच्या डोक्यात.’ डॉक्टर गेला आणि तू पिठाच्या हातानं पाठीत असा धपाटा घातलास की मी चुलीवरच पडायची. ‘तोंड हाय का काय हाय ते? तुझं लगीन व्हायचं हाय का न्हाई?’

लाकूड कुणाच्या डोक्यात पडलं नव्हतं तेव्हा? अर्धं गाव दगडाखाली गेलं होतं, कोण पडताळून बघणार? तुझी थाप सगळ्यांनी खरी मानली. मलाही आधी ती सोयीचीच वाटली. नांदेडचे लोक मला बघायला आले तेव्हा तू तीच गोष्ट सांगितलीस आणि माझ्या सासूनं डोळ्याला पदर लावला.

पण दादाची दोन वर्षं गेली त्यात. अंगारा झाला, धागा झाला. शेवटी लातूरला आणलं, तर पहिल्याच औषधानं त्याची मान एका बाजूला वळून बसली, जीभ जड झाली. तू औषध उकिरड्यावर फेकलंस. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि माय, आपला दादा परत आला की गं! चहात साखर कमी म्हणून कुरकुर करणारा, मला ‘ए बोंबले’ म्हणणारा. माझ्या लग्नात हिरव्या बांगड्या त्यानंच आणल्या, मापात अगदी. तू गेल्यावर तो माझ्याकडंच होता. पोरीला शाळेतून आणायचा, जेवण झालं की माझ्यासमोर गोळी घ्यायचा. ती दहा वर्षांची असताना हार्टनं गेला. ते आवाज मात्र पुन्हा वाढले नव्हते.

सोमवारी आम्ही तिघं डॉक्टरकडं गेलो, हेही आले होते. आठवड्याआधी सुरू केलेल्या पहिल्याच गोळीनं पोरीची मान वळलीय, माय. तश्शीच. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतार पडला. म्हणाले, घाबरू नका, औषधाचं आहे हे, बदलू. पोरगी शिकेल, नोकरी करेल, फक्त आता वेळ घालवायचा नाही. मग विचारलं, ‘घरात कुणाला असा आजार होता का? रक्ताच्या माणसाला जी गोळी मानवली, तिच्यापासून सुरुवात करता येते.’ गोळीचं नाव माझ्या जिभेवर होतं. हे शेजारी बसलेले. वीस वर्षं ज्यांना लाकडाची गोष्ट सांगितली ते. मी म्हणले, ‘न्हाई. कुणालाच न्हाई.’

पोरगी खाली बघून हळूच बोलली, ‘मामाला होतं ना. तो सांगायचा मला, भूकंपाच्या आधीपासून बाया बोलायच्या म्हणून.’

डॉक्टरांनी पेन थांबवला, ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, तिची आई, हसून म्हणले, ‘हिचं काय धरता डॉक्टर? हिला काहीही भास होतात.’ डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि अंदाजानं दुसरी गोळी दिली. ती मानवेल का, देव जाणे. तुझ्यावर चिडायला कागद घेतला होता मी, पण तू निदान दादाचं बोलणं कधी खोटं पाडलं नव्हतंस.

परतताना ॲटोत हे पुढं बसले होते. ती माझ्या कानाशी आली. ‘आई, मामानं मला सांगितलंच नव्हतं का गं? तेपण माझ्या डोक्यातलंच का?’

‘हाव,’ म्हणले मी. ‘डोक्यातलंच.’

तिनं जरा विचार केला आणि ‘बरं’ म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, माय.