क्रिस्टीनाबाईंची पणती

लीड्स, जून २००४

आदरणीय क्रिस्टीनाबाई,

तुमच्या नावाआधी सौ. लावायचं की श्रीमती, हा प्रश्नच मी मोडीत काढला आहे.

तुमची पणती हॅना काल माझी सून झाली. शंभरेक वर्षांपूर्वी तुम्ही स्वीडनहून अमेरिकेला निघाला होतात. वाटेत लीड्सला कळा सुरू झाल्या आणि ट्रेनमधून उतरलात, त्या कायमच्याच. गिरणीत राबून एकटीने मुलगा वाढवलात. त्याच्या बापाचं नाव मात्र कुणालाच सांगितलं नाहीत.

आमच्या लग्नात वधूचे वडील, आजोबा आणि पणजोबा यांची नावं उच्चारतात. गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं, तेव्हा हॅनाच्या बाबांनी मान खाली घातली. आमचे गुरुजी एरवी मँचेस्टरला सॉफ्टवेअर लिहितात. ते हळूच म्हणाले, "सुलक्षणाताई, पीटर म्हणून टाकू का? कोण तपासायला येतंय?"

"पोर पोसलं बाईनं आणि मान पीटरला? कोण लागून गेला हा पीटर? क्रिस्टीना म्हणा."

"शास्त्रात बसत नाही हो."

"मग शास्त्राला जरा सरकून घ्यायला सांगा."

सगळे हसले. हॅना तेवढी बाबांकडे बघत राहिली.

गुरुजींनी घसा खाकरला आणि खणखणीत म्हटलं, "क्रिस्टीनायाः प्रपौत्रीम्..."

त्यातला तेवढा एकच शब्द हॅनाच्या बाबांना कळला. तुमचा हा सत्तरीचा नातू, बाई, उठून उभा राहिला आणि विधी संपेपर्यंत खाली बसला नाही.

तुमची विहीण,
सुलक्षणा