बोर्डापुढे ताठ चालायचं

महाल, नागपूर
६ डिसेंबर १९७७

प्रिय श्रीधर,

तुला आणि उत्तराला आशीर्वाद. चंद्रपूरच्या उन्हाला वर्षभर शिव्या देणारा तू, निदान या थंडीत तरी खूश असशील. मी बरी आहे, म्हणजे थकलेली आहे. हल्ली या दोन्हींत फारसा फरक करता येत नाही. तुझ्या दादांना येत्या सोमवारी कामठीला मेडिकल बोर्डापुढे जायचं आहे. पासष्टच्या लढाईत गुडघ्यात लोखंड शिरलं, त्यानं पाय किती निकामी झाला ते डॉक्टर मधूनमधून तपासतात आणि त्यावर यांची अपंगत्वाची पेन्शन ठरते, हे तुला माहीतच आहे. या वेळी जे लिहितील ते कायमचं, पुन्हा बोलावणं नाही.

दिवाळी झाली आणि हे सकाळी उठून रेशीमबागेच्या मैदानावर फिरायला जाऊ लागले. काठी दाराआड तशीच. विचारलं तर म्हणाले, सवय करून पाहतो. मी वेडी, मला आनंदच झाला. शेजारणीला सांगून आले, की आमच्या ह्यांचा पाय सुधारतो आहे. देवापुढे साखर ठेवली. मग परवा हे घरी आले ते ओट्यावरच बसले, बूट काही निघेना. गुडघा कोहळ्यासारखा फुगलेला. काठीवाचून पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी किती वेळा बजावलं आहे! मी रुईची पानं तापवून शेकायला बसले आणि मला रडूच आलं. तर म्हणतात, “तू काहून रडून राहिली वं? सोमवारपर्यंतच हाय हे. डॉक्टरपुढं एकदा ताठ चालून दाखवतो. पाय बरा झाला म्हणून लिहू दे त्याले, मंग ही कटकट मिटली.”

श्रीधर, जगाची रीत काय आहे? धडधाकट माणसं बोर्डापुढे लंगडत जातात. आणि माझा नवरा लंगडा असून ताठ चालायची तालीम करतो आहे. हसावं की कपाळ बडवून घ्यावं, तूच सांग.

यांच्या सरकारी कचेरीतले लोक बोलतात, ते आजचं नाही. पगारही खातो आणि पेन्शनही खातो, सरकारचा जावई आहे, असं यांच्या तोंडावर म्हणतात. पलटणीतून आलेल्याचा पगार ठरवताना पेन्शनीतला वाटा आधीच कापून घेतात, हे मात्र त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं. हे इतकी वर्षं हसून सोडून देत आले. खरं सांगू, त्या लोकांचा मला राग येतो, पण समोरच्या धोंडबाचा येत नाही. गिरणीच्या यंत्रात त्याची बोटं गेली. थोडे पैसे हातावर ठेवून मालकानं त्याला घरी पाठवलं. तो एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, “वामनराव, तुमचं बरं हाय जी. सरकारनं तुमचा पाय पाह्यला. माह्या बोटांकडे कोन पाहून राहिलं?” त्यात कुसकेपणा नव्हता. त्याचं म्हणणं खरंच होतं. पण यांनी पाय बरा झाल्याचं सोंग केलं तर धोंडबाला बोटं फुटणार आहेत का? त्याला मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही. म्हणून यांनी आपलं टाकून द्यायचं, हा कुठला न्याय?

मी माझ्या परीनं सांगून पाहिलं. म्हटलं, तरुणपण पलटणीत घालवलं त्याची पेन्शन निराळी, पाय गेला त्याची निराळी, आणि पगार तर रोज फायली उपसता त्याचा आहे. देणारा हात एक असला म्हणून घेणाऱ्यानं एकदाच दुखणं भोगलं असं होत नाही. हे ऐकत होते. मग एवढंच म्हणाले, “तुले नाही समजत. मले घरच्याच लोकांत खालमानेनं बसावं लागते.” घरचे लोक म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मे महिन्यात रामटेकला जिजाताईंच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून तू पंगत वाढत होतास. दादांच्या पानाशी बुंदी घेऊन आलास. व्याह्यांपैकी कोणी म्हणालं, थोरल्या मामांना आग्रह करा. तेव्हा तू हसत हसत म्हणालास, “दादाले आग्रह नका करू जी, त्याचं पोट दोन्हीकडून भरते, पगारानंबी अन् पेन्शनीनंबी.” सगळी पंगत हसली. हेही हसले. तू पुढच्या पानाकडे गेलास, म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. हे पानावरून उठले नाहीत, पण घासही घेतला नाही. बोटानं भात इकडून तिकडे करत राहिले. तेव्हापासून घरीसुद्धा दुसऱ्यांदा वाढू देत नाहीत. भूक असते, मला कळतं ना रे. पण वाढायला गेले की ताटावर आडवा हात.

तू मनात खोट ठेवून बोलला नाहीस, हे मी जाणते. मी लग्न होऊन खाप्याला तुमच्या घरात आले तेव्हा तू पाटी घेऊन शाळेत जात होतास; तुझ्या जिभेला हाड नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? कदाचित तुला मनापासून वाटतही असेल की एका माणसानं दोनदा घेऊ नये. वाटू दे, त्यावर मी भांडणार नाही. पण परक्यांनी हजारदा म्हटलेलं यांना लागलं नाही आणि तू एकदा म्हटलेलं पायात उतरलं. माझ्या सांगण्यानं ते निघत नाही. म्हणून यांना न सांगता हे लिहिते आहे. रविवारी ये. माफी मागू नकोस, ते त्यांना सोसणार नाही. पेन्शनीचा विषयही काढू नकोस. मी स्वयंपाक करीन, तू वाढ. ते ताटावर हात आडवा धरतील. धरू दे. तू वाढल्याशिवाय तिथून हलू नकोस.

तुझीच,
गोपिका वहिनी