दादा कुठवर वाचत आला होता

३ फेब्रु., शिरूर
काल यवतहून परत. दादाला जाऊन आठवडा झाला. निघताना त्याच्या कपाटातलं ताऱ्यांवरचं पुस्तक गुपचूप पिशवीत टाकलं. मी जन्मभर कादंबऱ्या वाचल्या, त्यानं विज्ञान. "जे घडलंच न्हाई ते वाचून रडती कशाला?" म्हणायचा. आता घडलेलं घेऊन बसलेय.

५ फेब्रु.
अर्धी राहिलेली कादंबरी धरली, सोडली. पन्नास पानं झाली, बाई अजून खिडकीतच उभी. एरवी रडले असते, आज नुसता राग आला. दादाचं पुस्तक बरं. कडेला त्याची पेन्सिल. 'हे कसं काय?' 'थापा!' एका ठिकाणी, 'बेबीला सांगणे'. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यांच्या पोटात तयार झालं, ते. सांगितलं नाही कधी. की सांगितलं आणि मी ऐकलं नाही...

६ फेब्रु.
पेन्सिल जिथं संपते त्या पानाचा कोपरा दुमडलाय. दादा इथवर. मी अजून मागं आहे, मुद्दाम रेंगाळतेय. त्याच्या पुढं जायला नको वाटतं.

८ फेब्रु., यवत
दादाचं पुण्यानुमोदन, त्याच्या नावानं वंदना आणि दान. दादाची सगळी पुस्तकं आमच्या वडिलांनी, आबांनी, विहाराच्या वाचनालयाला दिली. आमच्यात माणूस गेलं की पुस्तकं देतात. चार घरी मीच हे सांगत फिरलेय, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? आबा गठ्ठ्याकडं बघत म्हणाले, "येक कमी वाटतंय." पिशवीतून काढून दिलं. वाचनालय बघणारे मामा म्हणाले, कवा बी ये, नाव लिहून घेऊन जा. जीव भांड्यात पडला.

२२ फेब्रु.
यवतला जाऊन पुस्तक आणलं. खाकी कव्हर, वर दादाचं नाव सुंदर अक्षरात. आत पेन्सिलीचा एक शब्द नाही. मामा आठवडाभर खोडरबर घेऊन बसले होते. दुमडलेलं पानही इस्त्री फिरवून सरळ केलं. कौतुकानं दाखवत होते.
"ज्याच्या नावानं दिलं, त्येचं पुस्तक कसं नव्यावानी पायजे. व्हय का न्हाई?"
"लई चांगलं केलंत, मामा."
दुसरं काय बोलणार? त्यांचे डोळे भरलेले. एसटीत चौफुल्यापर्यंत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? भाऊ म्हटलं. त्या क्षणी दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

१ मार्च, शिरूर
तो कोपरा शोधून थकले. पानाचा आकडा तेव्हा बघितला नव्हता. उजेडात धरलं, बोट फिरवलं, सगळी पानं सारखी.
मग नुसतं वाचत सुटले. दोन दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी तारे सहसा आदळत नाहीत म्हणे, मध्ये इतकी मोकळी जागा असते. दादा यावर तासभर बोलला असता. पण हे त्यानं वाचलं होतं, की मी एकटीच पुढं निघून आलेय?
पान उलटलेलं नाही अजून.