तुलेतून उरलेला गूळ

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

आण्णांनी ओवाळणीत वजनकाटा दिला. सख्ख्या थोरल्या भावानं, सहासष्ट वर्षांच्या बहिणीला. काचेचा, निळा आकडा पेटणारा, वर लाल रिबीन. "शकू, रोज सकाळी याच्यावर उभी राहत जा. तुझ्या वजनाची माणसं सत्तरी बघत नाहीत." हातात निरांजन होतं म्हणून गप्प बसले.

स्वतः पंचाहत्तरीला टेकलेत. निवृत्त मुख्याध्यापक, म्हणजे समोर दिसेल तो विद्यार्थी. पहाटे घाटशिळेच्या रस्त्यानं फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे, 'कंबर कसा' नावाचा. बारसं कुणी केलं देवी जाणे. आण्णा त्यातले आदर्श. दिवाळीतला फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी शेजारी लावून रोज मोबाईलवरच्या ग्रुपात फिरवतात, त्यात मलाही घातलंय. खाली अंगठे, टाळ्या, हार. मला तर दुसऱ्या फोटोतला माणूस पहिल्याचा बाप वाटतो.

आमचे हे गेले तेव्हा काडीसारखे होते. गोड खायचे नाहीत, तूप शिवायचे नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या गेले. बारीक माणूस मरत नसतो हे त्यांना कुणी कळवलेलं दिसत नाही.

काट्यावर तांदळाचा डबा ठेवला. जागा बरोबर झाली.

११ ऑगस्ट, सोमवार

बीपीच्या गोळ्यांसाठी डॉ.कडं. पोरगेलं आहे, पण सल्ले आजोबाचे. "काकू, वजनानं गुडघे चाललेत, बीपी हलत नाही, साखर काठावर. हृदयावर भार येतोय. हे मनावर घ्या." खोटं बोलत नाही, मला काय कळत नाही का. माडी चढले की छातीतून भात्यासारखा आवाज येतो. पण असल्या पोराकडून ऐकून घ्यायचं जिवावर येतं.

उठता उठता आण्णांचं सांगितलं. कौतुकानं नाही, चेष्टेनंच. तर हा लेखणी ठेवून विचारतो, "मुद्दाम कमी खातात का?"

"तसं म्हणतात."

"म्हणतात का तुम्ही बघितलंय?"

मग म्हणाला, ठरवून उतरवलं असेल तर ठीक. पण या वयात आपोआप उतरत असेल, तर तुमच्यापेक्षा त्यांची काळजी करावी लागेल. जास्त वजन माणसाला सावकाश खातं, गळणारं वजन कधी कधी आतल्या दुखण्याची पहिली वर्दी असते. त्यांना दाखवायला सांगा.

सांगा म्हणे. मुख्याध्यापकांना. मी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आण्णांकडं जेवायला. वहिनींनी भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी केलेली. मी दोन भाकरी खाल्ल्या, आण्णांनी प्रत्येक घासाला माझ्याकडं बघितलं. ते स्वतः अर्धी भाकरी चिवडत होते. पाण्याचा घोट घेतल्याशिवाय घास खाली जात नव्हता. उरलेला तुकडा ताटाच्या कडंखाली सरकवला, लहान पोरं करतात तसा. मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं.

वजन उतरतंय ते म्हणे पावडरीच्या शेकनं. ग्रुपचा एक कोच आहे, परवापरवापर्यंत स्टँडसमोर मोबाईलची कव्हरं विकायचा. आता लोकांच्या आतड्यांवर बोलतो. पावडरीचे डबे देतो, ते दुधात ढवळून प्यायचे. तर स्वैपाकघरात फळीवर डब्यांची उतरंड. एकाचंही सील फोडलेलं नाही.

"वहिनी, हे काय?"

"ते घेतच नाहीत, वन्सं. वासानं मळमळतं म्हणतात. कोचला वाईट वाटू नये म्हणून आपले आणून ठेवतात."

"मग उतरतंय कशानं?"

वहिनींनी विसळलेलं भांडंच परत विसळलं. मग म्हणाल्या, "देवीची कृपा."

देवीला दुसरी कामं नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर आण्णांना गाठून सरळ सांगितलं. डॉक्टरला दाखवा, डबे मी बघितलेत. सगळी कं.क. ('कंबर कसा') मंडळी भोवती उभी, हातात जिलेबीचे द्रोण. (दुसऱ्याच्या पोटावर नजर ठेवून स्वतः जिलेबी हाणतात.)

आण्णा हसले. "शकू, तुझ्या पोटात दुखतंय. मोठं आहे ना, दुखायला जागा भरपूर."

सगळे हसले. कोच सगळ्यात जास्त. मी जळते म्हणे. कशावर जळू? गळ्याच्या हाडावर?

मरू दे, असं घरी येईपर्यंत मनात म्हणत होते. घरी आल्यावर शब्द मागं घेतला. देवीसमोर उभं राहून घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आण्णांची पंचाहत्तरी रविवारी. आमच्या घराची रीत आहे, थोरल्या माणसाची पंचाहत्तरी झाली की गुळाची तुला. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात तेवढाच गूळ, मग तो गूळ गावात वाटायचा. बाबांची झाली होती. बाबा पारड्यात बसल्यावर काटा करकरला होता, अजून आठवतंय.

भाचा अमोल पुण्याहून फोनवर सगळं ठरवतोय. गुळाच्या दुकानदारानं विचारलं, माणूस केवढ्याचा? अमोलनं वहिनींना विचारलं. वहिनींनी दिवाळीतलं वजन सांगितलं. मी तिथंच होते.

"वहिनी, ते वजन आता कुठं राहिलंय?"

"असू द्या हो वन्सं. तुलेत गूळ कमी पडला तर अपशकुन असतो. उरला तर चालतो."

उरला तर कसला शकुन असतो, हे आमच्या घरात कुणी विचारून ठेवलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

मंगल कार्यालय भरलेलं. अडतीवरून मोठा काटा आणून झेंडूनं मढवला होता. एका पारड्यात गुळाच्या ढेपा आधीच रचलेल्या. दुसरं पारडं स्टुलावर टेकवून आण्णांना त्यात बसवलं. फेटा, नवं धोतर, गळ्यात हार. भटजींचे मंत्र झाले. स्टूल काढला.

पारडं खाली येईना. आण्णा अधांतरी. पाय लोंबत होते.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग कोचनं माईक घेतला. "बघा मंडळी, ही सरांची तपश्चर्या." एक ढेप उचलली. टाळ्या. पारडं हललं नाही. दुसरी उचलली. जास्त टाळ्या. तिसरी. पोरं शिट्ट्या मारायला लागली. एकेक ढेप बाजूला पडत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. गेल्या दिवाळीपासून माझ्या भावाच्या अंगावरून काय काय गेलं ते माझ्यासमोर ढीग करून ठेवत होते, आणि टाळ्या वाजवत होते. शिकलेली माणसं. मास्तर, वकील, दोन नगरसेवक. एकाच्या डोक्यात उजेड पडेल तर शप्पथ.

वहिनी पण वाजवत होत्या. मग थांबल्या.

आण्णांचं धोतर वर सरकलेलं. पोटऱ्या बघितल्या मी. आण्णा हसत होते, पण दोन्ही हातांनी साखळ्या गच्च धरल्या होत्या. माझ्याकडं बघितलं आणि लगेच नजर काढली. त्यांना कळलंय. त्या क्षणाला मला कळलं की त्यांना कळलंय.

मी म्हणलं, "बास झालं. उतरवा त्यांना." मोठ्यानं म्हणलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आता शकूताईला बसवा, गावातला गूळ पुरायचा न्हाय." कार्यालय हसून लोळलं.

मी जेवले नाही. कुणाला खरं वाटणार नाही, पण नाही जेवले.

२५ ऑगस्ट, सोमवार

तुलेचा गूळ वाटून झाला. काढलेल्या ढेपा अमोल दुकानदाराला परत करायला निघाला होता. म्हणलं माझ्याकडं टाक. "आत्या, एवढ्या गुळाचं काय करणार?" शेजारी कोच होता, त्याला उत्तर सुचलं असावं, दात दिसले. मी त्याच्याकडं बघितलं तर दात मिटले.

ढेपा पोत्यात बांधून कोठीत ठेवल्या. मुंग्यांसाठी भोवती हळद. का ठेवल्या ते मलाही नीट सांगता येत नाही. दुकानात परत जाऊ द्यायच्या नव्हत्या, एवढंच.

२ सप्टेंबर, मंगळवार

वहिनी आल्या. एकट्या. चहा पुढ्यात निवला. आण्णा फिरायला जातात ते कोपऱ्यावरच्या पारावर बसून परत येतात म्हणाल्या. वरण-भातसुद्धा अडकतो. रात्री वहिनी पाठीवर हात फिरवतात तर मणके हाताला लागतात.

"तुम्ही बोला ना त्यांना, वन्सं."

म्हणलं, बोलले होते की. तेव्हा तुम्ही देवीवर ढकललं होतं. लागलं त्यांना. लागू दे. मग त्या रडल्या आणि मी कपाटातून नवा रुमाल काढून दिला.

भांडून उपयोग नाही. आण्णा स्वतःसाठी दवाखान्यात पाय ठेवायचे नाहीत. त्यांना दुसऱ्याची चूक दाखवायला मात्र कुठंही न्या.

३ सप्टेंबर, बुधवार

फोन केला. आवाज पाडला. "आण्णा, तुमचंच खरं. माझं वजन मला नेणार. छातीत धडधडतंय. सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, सोबत येता का?"

पलीकडं असा काही आनंद झाला की काय सांगावं. "मी सांगत नव्हतो का?" पंधरा मिनिटं चऱ्हाट. गोड बंद, भात बंद, कोचला भेट. मी हो हो म्हणत होते. जन्मात एवढी खाली मान घातली नव्हती. सोमवारी जायचं ठरलं.

८ सप्टेंबर, सोमवार

सोलापूर. बसमध्ये आण्णा खिडकीशी, झोपले. डोकं माझ्या खांद्यावर आलं. काही वजनच लागलं नाही.

मोठ्या डॉ.नी आधी मला तपासलं. हेही तेच म्हणाले, कमी करा, चाला, मीठ सोडा, नाहीतर हृदय कधीतरी जाब विचारेल. आण्णा शेजारी बसून माना डोलवत होते, निकाल वाचायला आलेल्या मास्तरासारखे. मी म्हणलं, करते. आता यांना बघा.

"मला काय झालंय?" आण्णा.

डॉक्टरांनी त्यांच्या मनगटाकडं बघितलं, गळ्याकडं बघितलं. "वजन कधीपासून उतरतंय?"

"मी पहाटे चालतो. शेक घेतो."

म्हणलं, "डब्यांची सीलं फुटलेली नाहीत, आण्णा."

मला वाटलं आता उठून जातील. गेले नाहीत. मांडीवर हात ठेवून बसले. मग म्हणाले, "संक्रांतीपासून घास अडकतो. भूक अशी नाहीच." एवढे महिने पोटात ठेवलं होतं. लोक टाळ्या वाजवत होते ना. टाळ्या सोडवत नाहीत माणसाला.

लगेच दुर्बिणीनं तपासलं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला काहीतरी आहे. तुकडा काढून पाठवलाय. काय आहे ते तपासणी झाल्यावरच कळेल, आत्ता अंदाज करू नका म्हणाले.

परत येताना आण्णा एकदाच बोलले. "तुझी धडधड खोटी होती ना?"

"आता खरी आहे."

१५ सप्टेंबर, सोमवार

देवळात देवी निजलीय, नवरात्राआधीची निद्रा. नवरात्र येईपर्यंत पलंगावरच. आण्णा म्हणतात, देवी उठेपर्यंत रिपोर्टचं काही विचारायला नको. देवी निजली म्हणून सोलापूरची लॅब निजत नाही, म्हणलं.

कं.क. मंडळींना अजून कुणी सांगितलेलं नाही. पारड्यातल्या आण्णांचा फोटो आज परत फिरतोय. खाली त्या कोचनं लिहिलंय, 'वजन घटवा, आयुष्य वाढवा.' त्याला काय काय लिहावं याचा सकाळपासून विचार करतेय. काही लिहिलं नाही. मोबाईलवरचा तो ग्रुप सोडला.

मी पारापर्यंत चालून आले. माझ्यासाठी. कुणाला सांगायचं कारण नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

रिपोर्ट आला म्हणून फोन. फोनवर सांगत नाहीत, उद्या या म्हणाले.

संध्याकाळी आण्णा आले. काठी घेऊन, पहिल्यांदा. स्वैपाकघरात डोकावले. "काटा वापरतेस का?"

"वापरते की. तांदळाचा डबा ठेवलाय त्याच्यावर."

हसले. मग कोठीच्या दाराशी उभे राहिले. "त्या ढेपा परत दे दुकानदाराला. उगाच जागा अडवतात."

"देणार नाही."

"काय करणार त्यांचं?"

"पुढच्या साली परत पारड्यात बसायचं तुम्ही. या सगळ्या लागल्या पाहिजेत. मी रचणार आहे, त्या कोचला हात लावू देणार नाही."

मला वाटलं रागावतील. हट्टी म्हणतील, जाडी म्हणतील. म्हणायला पाहिजे होतं. ते खाली बसले, पोतं सोडलं, नखानं ढेपेचा लहानसा खडा काढला आणि तोंडात टाकला.

मी समोर बसून राहिले. ते खडा या गालातून त्या गालात फिरवत होते. बराच वेळ. पाणी देऊ का विचारलं, तर हातानंच नको म्हणाले.

गिळला का नाही, कळलं नाही. सकाळी आठच्या गाडीनं निघायचंय.