‘गन पार्ट्स’वर केलेली माझी सही

उद्या सकाळी मला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जायचे आहे. जबाबानंतर घरी सोडतील की ठेवून घेतील, हे वकिलांनाही सांगता आले नाही. म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहीत आहे. एरवी नाताळात गावी गेल्यावर निवांत लिहायचे ठरवले होते.

मी, मटिल्डा क्लेमेंट तुस्कानो, वय एकाहत्तर, मूळ राहणार भुईगाव, तालुका वसई, सध्या मुक्काम हमरिया, मस्कत, शिक्षण बी.ए. (अर्थशास्त्र), लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. रक्तदाब सोडला तर शरीरही. आपण कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही, असे एक वाक्य अशा कागदात घालावे लागते. ते मला सरळ घालता येत नाही. दडपण आहे आणि मोठे आहे. मात्र कोणाला काय द्यायचे, याबाबत माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पहिले, घर. माझे पती कै. क्लेमेंट यांच्या वाटणीला आलेल्या भुईगावच्या जागेवर आम्ही बांधलेले घर, मागची विहीर आणि केळीची वाडी, हे सर्व माझ्या पश्चात माझा नातू इव्हान याला मिळावे. त्या वेळी तो कुठेही असो. बंद जागेत असेल तरीही त्यालाच. तो स्वतः त्या अंगणात उभा राहून ‘विका’ म्हणत नाही तोपर्यंत घर विकू नये. तोवर माझी मुलगी लिनेट हिने घराची देखभाल करावी. हवे तर तिथे राहावे.

माझ्या धाकट्या दिरांनी पूर्वेच्या बाजूला आमच्या हद्दीत शौचालय बांधले आहे. आम्ही परदेशात, बघायला कोण येतो, असा हिशेब. मी त्यांना माफ केले आहे. जागा दिलेली नाही. ही दोन वेगळी वाक्ये आहेत. त्यांनी ती एकत्र वाचू नयेत.

दुसरे, दुकान. हमरियातले रंगांचे आणि हार्डवेअरचे दुकान माझे आहे असे गल्लीत सगळे समजतात. कागदोपत्री तसे नाही. परवाना पहिल्यापासून अर्बाब, म्हणजे आमचे इथले ओमानी मालक, खल्फान यांच्या नावे आहे. ते गृहस्थ सज्जन आहेत. इतक्या वर्षांत त्यांनी दुकानात येऊन खुर्ची मागितली नाही. मीच दिली तर बसले. दुकानातील माल तेवढा माझा. तो विकून नोकरांचे पगार आणि परतीची तिकिटे आधी द्यावीत आणि उरेल ते अर्बाबना द्यावे. त्यांनी नको म्हटले तरी द्यावे.

त्यांना का द्यायचे, ते इथे लिहिते. लिनेटलाही हे सगळे एका जागी वाचायला मिळेल. फोनवर ती ऐकून घेत नाही.

आमच्या दुकानात ‘गन’ हा शब्द दिवसभर चालतो. रंगाची स्प्रे गन, गाडीला लावायची ग्रीज गन, खिडकीच्या फटी बुजवायची सिलिकॉन गन. गिऱ्हाईक आत येते आणि म्हणते, गन का ट्रिगर है? आम्ही देतो. ट्रिगर, स्प्रिंग, ग्रिप, नळी, सगळे सुटे मिळते. क्लेमेंट गॅरेजात गाड्या रंगवायचे, तेव्हापासून माझ्या घरात गन म्हणजे रंग आणि थिनरचा वास. दुसरा अर्थ मला ठाऊक नव्हता असे नाही. दुकानात उभी असताना तो आठवायचे कारण कधी पडले नाही.

गेल्या वर्षापासून दुकानाच्या पत्त्यावर लहान लहान पार्सले येऊ लागली. पाठवणारे निरनिराळे. वर कधी ‘पार्ट्स’, कधी ‘गन पार्ट्स’ लिहिलेले. प्रत्येक पार्सलवर मी सही केली. आमचा सेल्समन नंदू याला मी बजावले होते, आलेल्या मालाची सही मीच करणार, तुझी गिचमिड नको. इव्हान यायचा आणि म्हणायचा, आजी, ते माझं आहे. मला वाटले, पोरगा एकदाचा धंद्यात लक्ष घालतो आहे. आजोबांसारखी गन दुरुस्ती शिकतो आहे. मी माझी मैत्रीण प्रेमा हिच्याजवळ कौतुकही केले.

इव्हान लिनेटचा मुलगा. लिनेट नर्स, आयर्लंडमध्ये असते. तिचे लग्न मोडले तेव्हा तो दुसरीत होता. थोडे स्थिरस्थावर होऊ दे, मग नेते, असे म्हणून तिने त्याला माझ्याकडे ठेवले, तो अजून इथेच आहे. आता तेवीस वर्षांचा आहे. इंजिनियर झाला. नोकरीसाठी ओमानभर, सोहारपासून सलालापर्यंत, अर्ज केले, कुठून उत्तरही आले नाही. तेव्हापासून तो लॅपटॉपसमोर असतो. एकदा त्याने मला बोलावून विचारले, हँडल कोणत्या रंगाचं घेऊ, काळं की वाळूच्या रंगाचं? मी म्हटले, वाळूच्या रंगाचं घे. इथल्या धुळीत काळे तासाभरात मळकट दिसते. तो हसला आणि तेच घेतले.

या महिन्यात एक पार्सल सीमाशुल्कवाल्यांनी अडवले. त्यात नळी होती. ती रंगाची नव्हती. फोन अर्बाबना गेला, कारण परवाना त्यांचा. अर्बाबनी मला केला. मी सरळ इव्हानच्या खोलीत गेले आणि ब्रशांच्या जुन्या खोक्यात होते ते सगळे पलंगावर ओतले. दस्ता. हँडल. दुर्बीण. पट्टा. घडीचे दोन पाय. लहान लहान पिशव्यांतून स्प्रिंगा आणि पिना, प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात चिठ्ठी. आमच्या दुकानातल्या एकाही गनला यातले काही बसणार नाही, हे मला बघताक्षणी कळले. इतका धंदा मला येतो.

तो म्हणाला, “आजी, ही गन नाही आहे. पार्ट्स आहेत.”

“मग गन कशी असते?”

“मधला मेन पार्ट लागतो. तो मी घेतलाच नाही. घेणारपण नव्हतो.”

“मग बाकीचं कशाला आणलंस?”

तो पलंगावरच्या पिशव्या ओळीने लावू लागला. मग म्हणाला, “चूज करायला.”

मी त्याच्याकडून नीट काढून घ्यायचा प्रयत्न केला. कोणावर राग आहे का? नाही. कोणी सांगितले का? नाही. कोणाला दाखवले का? कोणाला दाखवणार, म्हणाला. अमेरिकेतल्या लोकांची कसलीशी पाने आहेत. तिथे कोणता दस्ता कोणत्या नळीला शोभतो, कोणती दुर्बीण वजनाला हलकी, यावर माणसे महिनोन् महिने वाद घालतात. हा वाचत बसायचा, जुळवत बसायचा. दोन भाग एकमेकांना जमले की त्याला बरे वाटायचे. बाकी कशात काही जमत नव्हते ना, आजी, असे तो म्हणाला. मी त्याला नववीत गणितासाठी मारले आहे, चर्चमधली रविवारची मिस्सा चुकवली म्हणून उपाशी ठेवले आहे. या वेळी माझा हात उठला नाही. उठून काही झालेही नसते.

वकील म्हणाले, सुटा भाग म्हणजे गन नव्हे, हे मुलाचे म्हणणे इथे टिकेल असे धरून चालू नका. मागवले कोणी, हा पहिला प्रश्न येईल. सही तुमची आहे, पत्ता दुकानाचा आहे.

हे कळल्यावर लिनेटचा फोन आला. म्हणाली, “मम्मी, तू सांग ना की सामान दुकानाचं होतं. चुकून मागवलं. तुझं वय बघून सोडतील. त्याचं सगळं आयुष्य जायचंय.”

मी म्हटले, दुकानाचे म्हटले की ते खल्फानवर येते.

“तो तिथला आहे. त्याचे लोक आहेत. आपल्या पोराचं कोण आहे तिथे?”

मी फोन ठेवला. रागावले म्हणून नाही. तिचे बरोबर होते. मला आयुष्यात पहिल्यांदा असे झाले की समोरच्याचे बरोबर आहे आणि तरी ते करता येत नाही.

खरे सांगायचे तर करता आले असते. रात्री अंथरुणावर पडून मी वाक्ये जुळवलीही होती. सकाळी अर्बाब स्वतः दुकानात आले. मी खुर्ची दिली. कासमने शेजारच्या टेलरिंगच्या दुकानातून चहा पाठवला. तो त्यांनी संपवला आणि मला म्हणाले (मामा म्हणजे त्यांच्या भाषेत आई), “मामा, उधर मेरा नाम है. तुम जो बोलेगा, मैं भी वोही बोलेगा.”

दुसरे काहीही ते बोलले असते, ओरडले असते, तर बरे झाले असते. मी खोटे बोलले तर हा माणूस माझ्यामागे उभा राहून तेच खोटे बोलणार, त्याच्या पोलिसांसमोर, त्याच्या देशात, कशासाठी बोलतो आहे हे न विचारता. त्यामुळे मी खरे सांगणार आहे. निवड इव्हानची, सही माझी, अर्बाबना काही माहीत नव्हते. याने इव्हान सुटणार नाही. मी त्याच्याजवळ बसून त्याला हे सांगितले. त्याने विचारले, “तू चिडून नाही ना सांगणार?” मी नाही म्हटले. तो म्हणाला, “मग ठीक आहे.” ठीक काहीच नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

लिनेट, तू मला याबद्दल क्षमा करणार नाहीस. तसे मी धरून चालले आहे. तरीही या मृत्युपत्राची अंमलबजावणी तूच करायची आहेस, कारण भांडलीस तरी तू कागद नीट ठेवतेस.

तिसरे, क्लेमेंटची <s>हत्यारे</s> अवजारे. वरचा खोडलेला शब्द मीच खोडला आहे. जन्मभर आम्ही त्यांना हत्यारेच म्हणत आलो. पाना, पकड, पटाशी, सगळी हत्यारे. गॅरेजातून आल्यावर ‘हत्यारं धुऊन ठेव’ हे क्लेमेंटचे पहिले वाक्य असे. पण हा कागद उद्या कोणी भाषांतराला दिला तर एका म्हाताऱ्या बाईने घरातली हत्यारे नोकराला वाटली, असे अरबीत उतरेल. जबाबातही हा शब्द येऊ द्यायचा नाही, असे मी स्वतःला बजावले आहे. तर ही अवजारे, त्यांच्या दोन स्प्रे गनसकट (रंगाच्या), नंदूला द्यावीत. त्याने ती गावी कणकवलीला नेऊन वापरावीत. कपाटात शोभेला ठेवू नयेत.

चौथे, बँकेतील शिल्लक. इथली आणि वसईची, सगळी इव्हानच्या वकिलासाठी. वकिलाचे काम संपल्यावर उरले तर इव्हानला.

पाचवे, दागिने. सोन्याची साखळी आणि कुड्या लिनेटला. साखळीचा फासा सैल आहे. दुरुस्त केल्याशिवाय घालू नये. शिलाई मशीन कासमच्या सुनेला, अंबरीनला. तिने ते आधीच मागितले होते आणि मी तेव्हा उगाच टोकले होते.

सहावे, माझी माती. इथे मेले तर क्लेमेंटशेजारी. मला देशाबाहेर काढले गेले आणि तिकडे मेले तर भुईगावला. दोन्हीसाठी कोणी धावपळ करू नये. मिस्सा मराठीत व्हावी. फादरनी माझ्या शिस्तीबद्दल चांगले बोलू नये.

सातवे, इव्हानसाठी. घर दिले, पैसे दिले, सल्ला द्यायला हवा अशी पद्धत आहे. माझ्याकडे सल्ला नाही. विहिरीचा पंप चालू करण्याआधी झडप उघडायची, एवढे लक्षात ठेव. बाकी तू तिथे पोचलास की तुझे तू बघ.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले. खाली नाव घातलेल्या दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. प्रेमाने वाचायला मागितला होता, दिला नाही.

सही: मटिल्डा क्लेमेंट तुस्कानो

साक्षीदार १: प्रेमा आठल्ये, निवृत्त शिक्षिका, रुवी
साक्षीदार २: कासम मुकादम, टेलर, हमरिया

ठिकाण: हमरिया, मस्कत
दिनांक: २२ ऑक्टोबर २०२४

पुरवणी, दिनांक २३ ऑक्टोबर २०२४. मालमत्तेबाबत वर लिहिले त्यात बदल नाही. जबाब झाला. मला घरी सोडले आहे. अर्बाब खल्फान यांनाही सोडले. आज माझ्या हाताने पोलिसांच्या ताब्यात दिले ते असे:

पुठ्ठ्याचे खोके, एक, त्यातील सर्व सुट्या भागांसह, चिकटपट्टी लावून.
लॅपटॉप, चार्जरसह.
पारपत्र आणि रेसिडेंट कार्ड, इव्हानचे.
रक्तदाबाच्या गोळ्यांची माझी डबी, चुकून खोक्याबरोबर गेली, परत मिळाली.
इव्हान, माझा नातू. चष्म्यासह. शर्ट स्वतः इस्त्री केलेला. आतल्या दारापर्यंत मी बरोबर होते.

खोक्याची, लॅपटॉपची आणि कागदपत्रांची पोच मिळाली. मुलाची मी मागितली. दुभाष्याने विचारून सांगितले, माणसाची पोच देत नाहीत. म्हणून ती मीच इथे लिहून ठेवली आहे.

सही: म. क्लें. तुस्कानो